फळ आपले, पाचोळा मातीचा : देहरीच्या ‘कल्पवृक्ष’ वाडीचा इतिहास

आमच्या गटाची स्मरणिका काढायचे ठरले आणि संस्थेचा इतिहास लिहायचे काम माझ्याकडे आले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या गच्च्यांवर, खिडकीच्या जाळ्यांत आणि सोसायटीच्या कुंपणालगतच्या हातभर पट्टीत भाजीपाला लावणारी आम्ही मंडळी. मी जुन्या वह्या काढल्या. त्यांत वर्गणीचे हिशेब होते, बियाण्यांच्या देवघेवीच्या नोंदी होत्या, कोणाच्या दोडक्याला किती फळे धरली तेही होते. इतिहास म्हणावे असे मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते : ‘देहरीला जाऊन आलो.’ ते वाचून ठरवले, की आपला इतिहास चार पानांत मावेल, तो पुढे कधीतरी लिहू. आधी ज्या वाडीत आपण माती हातात घ्यायला शिकलो, त्या वाडीचा लिहू. एका कुटुंबाने पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली चौदा एकर जमीन हीसुद्धा एक संस्थाच असते. तिला घटना नसते, कार्यकारिणी नसते, पण शिस्त असते आणि वारसा असतो.

देहरी हे उंबरगावजवळचे समुद्रकाठचे गाव. आज ते गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, त्या राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. डोंबिवलीकराने कोपरहून मेमू धरून वसई गाठावी, तिथून डहाणू, घोलवड मागे टाकत उंबरगाव रोडला उतरावे. रस्त्याने गेलात तर बोर्डीनंतर झाई लागते आणि झाई ओलांडली की महाराष्ट्र संपतो. दुकानांच्या पाट्या गुजराती होतात, पण दुकानदाराला मराठीत भाव विचारला तर तो मराठीतच सांगतो. याला कारण आहे. १ मे १९६० पर्यंत हा उंबरगाव तालुका आपल्या ठाणे जिल्ह्यात होता. द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला आणि सुरत जिल्ह्याला जोडला गेला. १९६४ मध्ये सुरतेतून वलसाड वेगळा निघाला. सीमेच्या अलीकडे राहिलेली तलासरीकडची गावे आपल्याकडे राहिली आणि १ ऑगस्ट २०१४ ला तीही पालघर जिल्ह्यात गेली. म्हणजे ठाण्याचे या किनाऱ्याशी असलेले कागदावरचे नाते दोनदा तुटले. माणसांचे आणि झाडांचे तुटले नाही. वाडीचे संस्थापक भास्कर हिराजी सावे यांचा जन्म २७ जानेवारी १९२२ चा. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत ते ठाणे जिल्ह्याचेच रहिवासी होते, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवतो.

सावे हे आडनाव वसईपासून डहाणूपर्यंत गावोगाव सापडते. या पट्ट्यात घराला लागून वाडी असते. विहीर, विहिरीवरून निघालेला पाट, पाटाच्या दोन्ही बाजूंना नारळ, सुपारी, केळी, पानवेल, मधूनच एखादा फणस. पुढे त्यात चिकूची भर पडली. महाराष्ट्रात चिकू पहिल्यांदा लागला तो घोलवडला, १८९८ मध्ये, आणि तिथून तो डहाणू, बोर्डी, उंबरगावच्या मातीत असा रुजला की आज परक्याला वाटावे, हे झाड इथलेच. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गोल, पातळ सालीचा चिकू हातात घेतला, की तो बहुधा याच पट्ट्यातून आलेला असतो.

ज्या काळात भास्करभाई वाढले त्या काळात हा भाग नुसता वाड्यांचा नव्हता, तो मोठ्या घुसळणीचा होता. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावी किसान सभेची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्याच वर्षी बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. आचार्य भिसे यांची शाळा बोर्डीत होतीच. जमीन कोणाची, श्रम कोणाचे आणि शिक्षण कशाचे, हे तिन्ही प्रश्न दहा-पंधरा मैलांच्या परिसरात एकाच वेळी विचारले जात होते. गांधी आणि विनोबा यांचे विचार इथे पुस्तकातून नाही, शेजाऱ्याच्या ओसरीवरून पोचत होते. देहरीची वाडी समजून घ्यायची तर ही हवा लक्षात ठेवावी लागते. नाहीतर भास्करभाई म्हणजे अचानक उगवलेला एखादा अवलिया वाटतो, आणि तसे ते मुळीच नव्हते.

लहानपणी घरच्या शेतात भात, कडधान्ये, भाजीपाला. पुढे काही वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षकी. मग पूर्णवेळ शेती. आणि शेतीची सुरुवात त्यांनी आपल्याला वाटेल त्याच्या अगदी उलट टोकाने केली. १९५० च्या दशकात रासायनिक खत हे नव्या भारताचे लक्षण होते. भास्करभाईंनी ते स्वतःच्या शेतात घातले, उत्पन्न वाढवले, आणि त्या खताची एजन्सीही घेतली. आदर्श शेतकरी म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जाई. लोक शेत पाहायला येत आणि जाताना खताची पोती घेऊन जात. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. रसायन न वापरलेल्या माणसाने रसायनाविरुद्ध बोलणे सोपे असते. इथे वापरलेला, विकलेला, त्यातून नाव मिळवलेला माणूस हिशेबाची वही घेऊन बसला.

ती वही काय सांगत होती? उत्पन्न पहिल्यांदा उडी मारते, मग तिथेच राहते. ते तिथे टिकवायलासुद्धा दरवर्षी आदल्या वर्षाहून जास्त खत लागते. जमीन कडक होते म्हणून नांगरट वाढते, ओल धरत नाही म्हणून पाणी वाढते, कीड वाढते म्हणून फवारणी वाढते. पीक तेवढेच आणि खर्च मात्र दर हंगामाला चढता. मास्तरांना हे गणित सुटायला वेळ लागला नाही. एकदम सगळे सोडून देणे मात्र त्यांनी केले नाही. आधी एका तुकड्यात रसायन बंद केले, तिथले उत्पन्न कमी आले, पण खर्च त्याहून कितीतरी कमी झाला. मग दुसरा तुकडा. १९६० च्या सुमारास त्यांनी रसायनांना कायमचा रामराम केला, आणि खताची एजन्सीही गेली. चालता धंदा मोडून शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत उलटे फिरणे गावात किती अवघड असते, ते गावात राहिलेल्यांना सांगायला नको.

पुढचा प्रश्न खताच्या जागी काय घालायचे, हा होता. इथे त्यांनी प्रश्नच बदलला. जंगलाला कोण खत घालतो, कोण नांगरतो, कोण पाणी देतो? तरी जंगल दरवर्षी फळते. मग शेतकऱ्याने काय घालायचे हे शोधण्याआधी तो काय काढून नेतो ते पाहावे. झाड जेवढे वाढते, त्यात फळ आणि बी यांचा वाटा शेकडा पाच ते पंधरा. उरलेले पंच्याऐंशी ते पंच्याण्णव टक्के म्हणजे पाने, फांद्या, खोड, मुळे. माणसाचा हक्क त्या पाच ते पंधरा टक्क्यांवर. बाकीचे सगळे ज्या जमिनीतून आले तिला परत मिळायला हवे, थेट किंवा गुराढोरांच्या पोटातून शेण होऊन. हे त्यांच्या शेतीचे मूळ सूत्र. त्याच्या शेजारी आणखी तीन सूत्रे ते सांगत : प्रत्येक जिवाला जगण्याचा सारखा हक्क आहे, निसर्गात निरुपयोगी असे काही नाही, आणि शेती हा धर्म आहे, तिचा निव्वळ धंदा होऊ देऊ नये. वाडीच्या दारात पाटी आहे, तिचा आशय असा की सहकार हाच निसर्गाचा मूळ कायदा.

सूत्रे ऐकायला गोड लागतात. वाडीत पाऊल ठेवल्यावर ती पायाला लागतात. मी पहिल्यांदा गेलो तो एप्रिलचा महिना होता. बाहेरच्या रस्त्यावर डांबर मऊ झाले होते आणि आत शिरताच अंगावर ओलसर गारवा आला. जमीन कुठे दिसेचना. चिकूची पाने, नारळाच्या वाळक्या झावळ्यांचे तुकडे, केळीचे सोपट, सगळ्याचा जाड थर. चालताना पाय किंचित आत जाई आणि वर येई, गादीवर चालल्यासारखा. मी खाली बसून थर हाताने सारला. वरची पाने कोरडी, कुरकुरीत. त्याखालची तपकिरी, ओली, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली पानाच्या शिरांची नुसती जाळी राहिलेली. आणि त्याखाली काळी, रवाळ माती, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांनी भरलेली. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज गेले. पहिल्या पावसाला येतो तो वास एप्रिलमध्ये येत होता. गटातल्या एका काकूंनी ती माती मुठीत दाबली, मूठ उघडली, गोळा झाला होता. बोटाने हलकेच टिचकी मारली, तो मोकळा झाला. त्या म्हणाल्या, “हाच वाफसा.”

वाफसा हा शब्द शहरातल्या माणसाने ऐकलेला असतो, समजलेला नसतो. मुळांना पाणी हवे असते असे आपण धरून चालतो. मुळांना हवी असते ओल, आणि ओलीबरोबर हवा. मातीच्या कणांमधल्या जागा पाण्याने भरून टाकल्या की मुळाचा श्वास कोंडतो. माझ्या घरचा सात वर्षांचा कढीपत्ता मी असाच घालवला होता. उन्हाळ्यात पाने पिवळी पडू लागली, मी पाणी वाढवले. आणखी पिवळी पडली, आणखी वाढवले. झाड गेल्यावर कुंडी उपडी केली तर मुळे काळी पडून कुजलेली. देहरीला जाऊन आल्यावर मला त्या झाडाचे काय झाले ते कळले, आणि वाईटही वाटले, कारण मी ते माया करूनच मारले होते.

वाडीतली पाण्याची रचना याच विचारातून आलेली आहे. झाडे उंच केलेल्या गादीवर, आणि ओळींच्या मधून चर. पाणी सोडायचे ते चरात, बुंध्याशी कधीच नाही. आपल्याकडे झाडाच्या खोडाभोवती आळे करून त्यात बादली ओतायची पद्धत आहे. पण पाणी आणि अन्न घेणारी कोवळी मुळे खोडाशी नसतात, ती झाडाच्या सावलीच्या कडेला पसरलेली असतात. चरातली ओल आडवी झिरपत गादीत शिरते, मुळे ती शोधत बाहेरच्या बाजूला वाढतात, झाडाचा पाया रुंद होतो. खोड कोरडे राहते, म्हणून कुजत नाही. चरात नारळाची सोडणे, झावळ्या, पालापाचोळा टाकलेला असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि कुजून खत होतो. वर दाट सावली असल्याने ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे बाष्पही फारसे उडत नाही. भास्करभाई सांगत की अशी वाडी पाणी खात नाही, उलट पावसाचे पाणी जिरवून परिसराला देते. ते ऐकताना अतिशयोक्ती वाटते. एप्रिलमध्ये तो गारवा अंगावर घेतल्यावर वाटत नाही.

वाडी उभी करायला वेळ लागतो आणि शेतकऱ्याला दरवर्षी खायला लागते. या अडचणीवर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी झाडांचे तीन वर्ग केले : अल्पजीवी, मध्यजीवी आणि दीर्घजीवी. चवळी, वाल, वेलभाज्या ही अल्पजीवी मंडळी, पहिल्याच हंगामात जमीन झाकतात, नत्र देतात आणि घरात चार पैसे आणतात. केळी, पपई, शेवगा, सीताफळ हे मध्यजीवी, त्यांचे उत्पन्न लवकर सुरू होते आणि मोठ्या झाडांच्या रोपांना सावली मिळते. नारळ, चिकू, आंबा हे दीर्घजीवी. तिघे एकाच वेळी लावायचे. दीर्घजीवी मोठी होतील तशी धाकटी मंडळी आपोआप मागे सरतात, आणि जाताना आपला पाला मातीला देऊन जातात. मोठ्या झाडांनी जमीन सावलीत घेतली की तणांचा प्रश्नही उरत नाही. तोवर तण उपटायचे नाही, फुलावर येण्याआधी कापायचे आणि जागीच अंथरायचे. आमच्या गटातल्या एका आजोबांनी हे ऐकून फक्त एवढेच म्हटले, “आमच्या घरी पूर्वी असंच होतं. आजीच्या हाताखाली सुना, सुनांच्या हाताखाली लेकरं.”

चौदा एकरांपैकी सुमारे दहा एकरांत ही मिश्र बाग आहे. मुख्यतः नारळ आणि चिकू, आणि त्यांच्या आधाराने केळी, पपई, सुपारी, फणस, आंबा, जांभूळ, पेरू, पपनस, ताड, चिंच, उंबर, बांबू, मिरी, पानवेल असे सगळे गोत. दोनेक एकरांत नारळाच्या रोपांची रोपवाटिका, तिथली रोपे दूरदूरचे शेतकरी नेतात. आणि दोनेक एकरांत हंगामी पिके. पावसाळ्यात नवाबी कोलम हा उंच वाढणारा देशी भात, नंतर कडधान्ये, हिवाळ्यात गहू. उंच भात आता फारसे कोणी लावत नाही, कारण दाणा संकरित भाताहून कमी. पण त्याचा पेंढा भरपूर असतो, गुरे तो आवडीने खातात आणि उरलेला जमिनीला मिळतो. पेंढ्याचा हिशेब पिकात धरायचा की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

उत्पन्नाचे आकडे सांगतो, कारण वाचणाऱ्याला ते हवे असतात आणि मलाही हवे होते. नारळाच्या एका झाडाला वर्षाला सरासरी साडेतीनशेहून जास्त नारळ, काही झाडांना चारशे. जुन्या चिकूच्या एका झाडाचे वर्षाला तीनशे किलोच्या वर फळ. वाडीचे म्हणून प्रसिद्ध झालेले हे आकडे आहेत. कोकणातला नारळ बागायतदार शंभर-सव्वाशे नारळांवर समाधान मानतो, हे लक्षात घेतले की त्यांचे वजन कळते. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. देहरीचा पाऊस, समुद्राची दमट हवा, खोल माती आणि घरच्या माणसांचे रोजचे लक्ष हे सगळे त्या आकड्यांत आहे. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ‘बघा, देहरीला होते, तुम्हाला का नाही?’ असे विचारणे अन्यायाचे होईल. तिथली पिके वेगळी असतील, उत्तरही वेगळे असेल. सूत्र तेवढे नेता येते, नकाशा नाही.

या वाडीची कीर्ती परदेशातही गेली. जपानमधल्या शिकोकू बेटावर भात आणि संत्री पिकवणारे मासानोबू फुकुओका १९७५ मध्ये लिहिलेल्या ‘एका काडातून क्रांती’ या पुस्तकाने जगभर पोचले होते. १९८८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते देहरीला आले, वाडीत हिंडले, आणि ही बाग आपल्या स्वतःच्या बागेपेक्षाही सरस आहे असे म्हणून गेले. दोघांची वाट वेगळी होती. फुकुओका शास्त्रज्ञाची नोकरी सोडून घरच्या शेतावर परतलेले, भास्करभाई शाळेचा खडू खाली ठेवून आलेले. एकमेकांचा पत्ता नसताना दोघांनी मातीबद्दल जवळजवळ तेच म्हटले होते. भरत मानसाटा यांनी भास्करभाईंवर इंग्रजीत पुस्तक लिहिले ते २०१० चे. मानसाटा आणि त्यांच्या स्नेह्यांनी नेरळजवळ सह्याद्रीच्या पायथ्याशी ‘वनवाडी’ उभी केली आहे, म्हणजे कल्याणहून कर्जत लोकलच्या टप्प्यात. देहरीचा एक फाटा असा आपल्या दारापर्यंत आला आहे.

जगाचा विषय निघाला म्हणून आणखी एक नाते सांगतो. कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराला बोर्डो मिश्रण माहीत असते. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेले निळे औषध, पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या घडांवर मारतात. हे नाव फ्रान्समधल्या बोर्दो शहराचे. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने तिथले द्राक्षमळे उजाड होऊ लागले तेव्हा १८८५ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा उपाय जाहीर केला. आज दक्षिण फ्रान्सच्या लांगदॉकच्या डोंगरउतारांवर, खडकाळ जमिनीत, एकेका कुटुंबाने सांभाळलेले सेंद्रिय द्राक्षमळे आहेत. फोजेरसारख्या गावाभोवती पाटीच्या दगडातून जुन्या वेली वर आलेल्या आहेत. ते शेतकरी तणनाशक वापरत नाहीत, स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची वाइन स्वतः करतात आणि बाटलीवर घराण्याचे नाव घालतात. पण केवड्यासाठी त्यांनाही मोरचूद लागतेच. युरोपच्या नियमाने सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलोपेक्षा जास्त तांबे घालता येत नाही, कारण तांबे मातीत साठते आणि गांडुळांना बाधते. म्हणजे सेंद्रियचा शिक्का मिळाल्यावरही तिथल्या बापलेकांचा तोच वाद चालू आहे : आपण जमिनीत घालतो काय, आणि ते मुलांच्या हाती किती उरणार? देहरीच्या नारळाखाली उभे राहून मला तो वाद परका वाटला नाही. तिथे द्राक्ष, इथे चिकू. योगायोग असा की आता बोर्डीला चिकूचीही वाइन होते.

२००६ सालच्या जुलैमध्ये भास्करभाईंनी डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांना जाहीर पत्र लिहिले. स्वामिनाथन तेव्हा राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष होते, विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या, आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा हा शेतकरी हरितक्रांतीच्या प्रणेत्याला थेट विचारत होता, की जमिनीचा कस आणि पाण्याचा साठा कोणी संपवला? त्या पत्रातला पाण्याचा हिशेब महाराष्ट्राने भिंतीवर लावावा असा आहे : रासायनिक पद्धतीच्या एक एकर उसाला लागणाऱ्या पाण्यात पंचवीस एकर ज्वारी, बाजरी किंवा मका होतो. पत्राची भाषा कडक होती. काहींना ती एकांगी वाटली, आणि हरितक्रांतीने देशाची धान्याची गरज भागवली हे खरेच आहे. पण साठ वर्षे एकाच मातीत उभे राहून जो बोलतो, त्याचे म्हणणे बाजूला सारता येत नाही.

आज वाडीच्या आसपास पाहिले तर काळजी वाटते. उंबरगावला मोठी औद्योगिक वसाहत आहे, किनाऱ्याच्या जमिनींना बंगल्यांचे भाव आले आहेत. सीमेच्या अलीकडे डहाणू तालुक्याला १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केले गेले आणि १९९६ पासून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने तिथल्या वाड्या राखायची धडपड केली. तरी चिकूला बी पोखरणाऱ्या अळीने ग्रासले, तोडणीला माणसे मिळेनाशी झाली, आणि अनेक घरांतली मुले मुंबईला गेली. अशा काळात एका कुटुंबाने चौदा एकर न तोडता, न विकता, त्याच पद्धतीने राखणे याला मी या इतिहासातली सर्वांत मोठी घटना समजतो. पुरस्कार मागून आले. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघाच्या व्यासपीठावर भास्करभाईंना जीवनगौरव मिळाला. २४ ऑक्टोबर २०१५ ला ते गेले, त्र्याण्णव वर्षांचे होऊन. पुढच्या पिढ्यांनी वाडी चालू ठेवली, आणि शनिवारी दुपारी येणाऱ्या लोकांना ती दाखवण्याचा रिवाजही.

आमच्या गटाच्या वहीत शेवटची नोंद तिथल्याच एका शनिवारची आहे. आम्ही चौदा जण गेलो होतो. निघताना आमच्यातल्या एका ताईंनी कुंड्यांसाठी पिशवीभर पाचोळा गोळा केला. इतका सुरेख, अर्धा कुजलेला पाचोळा डोंबिवलीत कुठे मिळायचा? पिशवी गच्च भरली, त्यांनी तोंड बांधले, आणि मग स्वतःच थांबल्या. गाठ सोडली आणि पिशवी एका चिकूखाली हळूच उपडी केली. म्हणाल्या, “हा यांचा आहे. आपला आपल्या झाडाखाली पडतो, तोच गोळा करू. रोज सकाळी झाडूवाला पेटवून देतो तो.”

आम्ही नारळ विकत घेतले. दोन-दोन घरटी. सोलून घ्यायचे का, असे विचारले गेले तेव्हा सगळ्यांनी एकदमच हो म्हटले. एकेक नारळ पहारेवर दाबला जात होता, सोडण तीन बाजूंनी उलगडून वेगळे होत होते. आमच्यातली दोन मुले ती सोडणे उचलून चरात नेऊन टाकत होती, पालथी नको, खोलगट बाजू वर, म्हणजे पाणी धरेल.

अठ्ठावीस नारळ घेऊन आम्ही संध्याकाळच्या गाडीला उंबरगाव रोडला उभे होतो. सोडणे देहरीलाच राहिली.